चुलीच्या घरात आलेला गॅस

विदर्भातल्या खेड्यांत गॅसगळती इतकी धोक्याची का ठरते, हे शेगडी पाहून कळत नाही. त्यासाठी घराची बांधणी पाहावी लागते. जुनी मातीची घरं बांधली गेली ती चुलीच्या हिशेबाने. चूल भुईवर आणि डोक्यावर कवेलू (कौलं). गरम धूर वर चढतो नि कवेलूंच्या फटींतून निघून जातो. खिडकी असलीच तर ती उंचावर. खाली मात्र उंबरठा, कोपऱ्यात धान्याची पोती, आणि भाव चढायची वाट पाहायची असेल तर शेजारच्या खोलीत छताला टेकलेला कापूस.

धूर घालवायचे पहिले नेटके प्रयत्न झाले तेही इथेच. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून 1940 च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आणली. तिचं अंग बंद मातीचं आणि धूर बाहेर नेणारं धुराडं. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो 2002 मध्ये थांबला. अशा चुली मागे पडल्या त्या साध्या कारणांनी. धुराड्यात काजळी साचली की धूर उलटा घरात येतो. गंजाचं (पातेल्याचं) बूड आणि चुलीचं तोंड जमलं नाही की फटीतून धूर सुटतो. तुराटी-पऱ्हाटीचे लांब फाटे बारीक मोडून घालत बसायला सैपाकाच्या घाईत कोणाला वेळ नसतो.

मधल्या काळात मातीच्या तेलाचा (रॉकेलचा) स्टोव्ह होता. पंपाचा स्टोव्ह स्वीडनमध्ये 1892 साली लिंडक्विस्ट याने बनवला. त्याचे भडके उडायचे ते बहुतेक तीन चुकांनी: निपल चोंदलेलं असताना पंप मारत राहणं, तापलेल्या टाकीत तेल ओतणं आणि तेलात पेट्रोलची भेसळ. ‘भरायच्या आधी विझव, थंड होऊ दे’ ही ताकीद तेव्हापासूनची.

एलपीजी भारतात 1955 मध्ये बर्मा शेलने मुंबईत विकायला सुरुवात केली. इंडेनची पहिली जोडणी 1965 मध्ये कोलकात्यात झाली. तालुक्याच्या गावी पुढे गॅस आला, पण खेड्यातल्या गरीब घरांत तो मोठ्या प्रमाणावर शिरला तो 1 मे 2016 ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने. घरं मात्र तीच राहिली.

खरी अडचण इथे आहे. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. धुरासारखा तो वर जात नाही, भुईवर पसरतो. कवेलूंच्या फटी त्याच्या काही कामाच्या नाहीत आणि उंबरठा त्याला आत अडवून धरतो. सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो; बाहेर आल्यावर सुमारे 250 पट फुगतो. हवेत साधारण 2 टक्के मिसळला तरी पेट घेतो. आंघोळीचं पाणी आणि भाकर अजून चुलीवरच होते, म्हणजे त्याच भुईवर चार हातांवर विस्तव असतो. चुलीचा निखारा राखेखाली झाकून ठेवायची सवयही जुनीच. म्हणून चूल आणि शेगडी एका खोलीत नकोत. जागाच नसेल तर आधी चुलीचा विस्तव पूर्ण विझवायचा, मग गॅस लावायचा.

शेगडी भुईवर ठेवून बसून सैपाक करणं, हीसुद्धा चुलीची सवय. सिलिंडर भुईवर उभा हवा आणि शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर. दगडी फरशीचा ओटा किंवा मजबूत लोखंडी टेबल चालेल. ओट्याखाली दार लावून कपाट केलं असेल तर खालून-वरून हवेला भोकं ठेवावीत. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. धान्याच्या घरात उंदीर असतातच आणि साध्या रबरी नळ्या ते कुरतडतात. म्हणून आत तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी.

सिलिंडर घेतानाच सील पाहावं, टोपी काढून वॉल्वमधलं रबरी वायसर जागेवर आहे का ते तपासावं. रेग्युलेटर लावल्यावर सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती. आगपेटीची काडी ओढून गळती शोधणारे अजून भेटतात! रात्री निजताना शेगडीच्या बटणाबरोबर रेग्युलेटरही बंद हवा.

वास आला तर (तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो) रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात. लाईटचं बटण ना लावायचं ना बंद करायचं, पंखाही नाही. वीज गेलेली असेल तर कंदील पेटवू नये. बंद करूनही गळती थांबली नाही आणि जवळपास जाळ नसेल, तर रेग्युलेटर काढून नायलॉनच्या दोरीने सिलिंडरला बांधलेली टोपी बसवावी आणि सिलिंडर उभाच उचलून अंगणात, गोठ्याच्या शेकोटीपासून लांब न्यावा. जवळच विस्तव असेल तर उचलाउचल करत बसू नये. माणसं बाहेर काढावीत आणि लांब गेल्यावर गॅसगळतीच्या मदतक्रमांकावर, 1906 ला, फोन लावावा.