तेल निसरडं असतं, मग क्लच चिकटतो कसा?

जुनी मोटरसायकल तीन आठवडे उभी होती. किक मारली, इंजिन लागलं, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडीने जागेवरून उसळी घेतली, इंजिन बंद. चाळीस-पन्नास वर्षांची गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा धक्का ओळखीचा आहे. त्यावर हमखास ऐकू येणारं निदान म्हणजे "तेल कमी पडलं, म्हणून प्लेटा चिकटल्या." तेल घातलं की अडकलेलं सुटतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे मात्र बहुतेक वेळा चिकटवून ठेवणारं तेलच असतं.

तेलात बुडालेल्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. फ्रिक्शन, म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेल्या, प्लेटांचे बाहेरचे कान बास्केटच्या, म्हणजे बाहेरच्या भांड्याच्या, खाचांत बसतात आणि त्या इंजिनाबरोबर फिरतात. सपाट पोलादी प्लेटांचे आतले दाते मधल्या हबवर बसतात आणि त्या गिअरबॉक्सशी बांधलेल्या असतात. स्प्रिंगा ही सगळी चळत आवळून धरतात. आपण लीव्हर दाबतो तेव्हा चळतीवर दाब देणारी प्रेशर प्लेट जेमतेम दोनेक मिलिमीटर मागे सरते. बस, एवढंच. प्लेटांना एकमेकींपासून ओढणारं आत काहीही नसतं. दाब निघून गेला, आता आपापल्या सुटा, एवढीच अपेक्षा.

त्या सुटत का नाहीत, हे हातात घेऊन बघता येतं. काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये दाट तेल घालून ते घट्ट दाबा आणि मग सरळ ओढून वेगळे करायला जा. सुटत नाहीत. तेच आडवे सरकवा, सहज सरकतात. जुना क्लच उघडल्यावर दोन प्लेटा जोडीनेच हातात येतात तेव्हा अगदी हाच अनुभव येतो: नखाने उचकटून काही होत नाही, पण अंगठ्याने पिळलं की एक प्लेट दुसरीवरून हळूच घसरते.

तेलाचा गोंद झालेला नसतो. प्लेटा लांब न्यायच्या तर मधली जागा वाढणार, आणि ती भरायला कडेचं तेल आत शिरलं पाहिजे. वाट मात्र केसाहून अरुंद. तेल वेळेवर पोचत नाही, मधला दाब उतरतो आणि बाहेरचा दाब प्लेटांना एकमेकींवर रेटून धरतो. व्हिएन्नाचा भौतिकशास्त्रज्ञ योझेफ श्टेफान याने १८७४ मध्ये याचं गणित मांडलं. तप्त वस्तूच्या प्रारणाचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा. द्रवात बुडवलेल्या चकत्या वेगळ्या व्हायला किती वेळ लागतो, हे त्याने मोजलं. या चिकटण्याला त्याने 'आभासी' म्हटलं, कारण कितीही लहान बल लावलं तरी चकत्या शेवटी सुटतातच. प्रश्न फक्त वेळेचा.

ठरावीक वेगाने प्लेटा दूर नेताना होणारा विरोध तेलाच्या श्यानतेच्या, म्हणजे घट्टपणाच्या, प्रमाणात वाढतो आणि फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. फट निम्मी झाली की विरोध आठपट! गाडी उभी असताना स्प्रिंगा आठवडेच्या आठवडे तेल पिळून बाहेर काढत असतात, थर पातळ होत जातो. त्यात तेल थंड. ५० ग्रेडच्या साध्या तेलाची ४० अंश सेल्सिअसला जी श्यानता असते, तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी १०० अंशांना उरते. म्हणून गरम झाल्यावर तोच क्लच शहाण्यासारखा वागतो.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट फ्रिक्शन प्लेटवरच्या खाचांची. कड्यासारख्या प्लेटमध्ये हा विरोध पट्टीच्या रुंदीच्या घनाने वाढतो. पट्टीच्या मधोमध एक गोल खाच पाडून तेलाला मोकळी वाट दिली, तर निम्म्या रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या. प्रत्येकीचा विरोध आठवा हिस्सा, दोघींचा मिळून चौथा. एका खाचेत तीन चतुर्थांश विरोध गेला! झिजून गुळगुळीत झालेल्या, खाचा बुजलेल्या प्लेटा जास्त चिकटतात त्या यामुळेच.

"जुन्या गाडीला मूड असतो, ती रुसते" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. रुसली म्हटलं की शोध तिथेच थांबतो. तेलात ओतायच्या जादूच्या बाटल्यांचंही तेच. इंजिन आणि क्लच एकाच तेलात असतील, तर घर्षण कमी करणारं औषध क्लचलाही लागतं आणि तो चढावर घसरायला लागतो. अशा ओल्या, म्हणजे तेलातल्या, क्लचसाठी जासो एमए या जपानी मानकाचं तेल असतं, ते योग्य ग्रेडमध्ये घालावं.

चिकटलेल्या प्लेटा सोडवायच्या, तर ज्या गाड्यांत किक क्लचमधून इंजिनाला पोचते, त्यांत इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि क्लच दाबून चार-पाच किका मारा. कॉम्प्रेशन इंजिनाला अडवून धरतं, हब फिरू पाहतो आणि प्लेटा आडव्या घसरून सुटतात. सुटल्याचं पायाला कळतं, किक एकदम हलकी होते. किक थेट इंजिनाला जोडलेली असेल तर गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे हलवा.

गरम झाल्यावरही क्लच ओढत असेल, म्हणजे दाबूनही पुरता सुटत नसेल, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नसेल, तर दोष तेलाचा नाही. आधी क्लच वायरचा ढिलेपणा बघा. दहा फटींत दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येकीला सरासरी ०.२, वायरने निम्मी हालचाल खाल्ली की उरले ०.१. मग झाकण काढून क्लच दाबा आणि किक हळूहळू फिरवत प्रेशर प्लेटची कड बघा. ती वाकडी उचलली जात असेल, तर ज्या बाजूने कमी उठते तिथला स्प्रिंगचा नट थोडा सैल करा. पोलादी प्लेट काचेवर ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सारली की वाक लगेच कळतो. बास्केटच्या खाचांमधल्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी आपटून खड्डे, म्हणजे चावे, पाडले असतील तर प्लेटा तिथेच अडकतात. उथळ चावे कानशीने सपाट करता येतात, खोल असतील तर बास्केट बदला. आतली धूळ मात्र फुंकू नका, जुन्या फ्रिक्शन प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या.