डिस्कसची जोडी हवी आहे? मग सहा पिल्लं न्या

दुकानात दिवसातून एकदा तरी हे ऐकू येतंच : “ब्रीडिंग करायचंय, एक जोडी द्या.” बोट असतं डिस्कस माशाच्या अडीच इंची पिल्लांच्या टाकीकडे. आम्ही म्हणतो, “जोडी नाही देता येत, सहा न्या.” की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच उमटतं : हा माल खपवायला बघतोय. रोज तेच समजावून घसा बसायला लागला, म्हणून हे पत्रक छापलं. हीटर, फिल्टर, क्लोरीन काढणं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललो आहोत. टाकी सायकल झालेली नसेल, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले नसतील, तर आधी ते होऊ द्या. मासे कुठे पळून जात नाहीत.

अडीच इंचाच्या डिस्कसमध्ये नर कोण, मादी कोण हे बघून सांगता येत नाही. आम्हालाही नाही. पाठीवरच्या पराचं टोक, कपाळाचा उंचवटा, अंगाची रुंदी यावरून छातीठोक सांगणारे भेटतील. पण हे ठोकताळे पूर्ण वाढलेल्या माशातही चुकतात. भरवशाची खूण एकच, अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली बाहेर येणारी नळी. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ती दिसायला मासा साधारण वर्षाचा व्हावा लागतो. तोवर दोन पिल्लं उचलणं म्हणजे नाणं उडवणं : निम्म्या वेळा दोन्ही नर किंवा दोन्ही माद्याच निघणार. सहा घेतलीत तर सगळे नर किंवा सगळ्या माद्या निघण्याची शक्यता बत्तिसात एक एवढीच उरते. शिवाय एक नर, एक मादी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. डिस्कस आपला जोडीदार आपणच निवडतो, आणि त्यासाठी निवडायला कोणीतरी असावं लागतं.

पण खरा घोटाळा त्याच्या बराच आधी होतो. ॲमेझॉनच्या पाण्यात हा मासा बुडालेल्या फांद्या-मुळांच्या आडोशाला घोळक्याने राहतो, आणि घोळक्यात वरचा-खालचा ठरलेला असतो. सहा जण असले की दादागिरी वाटली जाते. दोनच असले की सगळा मार एकट्याच्या वाट्याला. पंधरा दिवसांत फोन येतो, “एक मासा काळा पडलाय, कोपऱ्यात उभा असतो, खात नाही.” पाणी तपासतात, औषध टाकतात, हीटर वाढवतात. आजार असूही शकतो, तो बघायलाच हवा, पण आम्ही पहिला प्रश्न विचारतो, “टाकीत किती आहेत?” आणि उत्तर बहुतेक वेळा “दोन” असतं.

आमचे एक नेहमीचे ग्राहक. नको म्हणत असताना दोनच पिल्लं घेऊन गेले. काळजी उत्तम घेतली, मासे छान वाढले आणि वर्षभराने कोनवर (अंडी घालायला टाकीत उभा ठेवलेला मातीचा शंकू) अंडीही दिसली. त्यांनी व्हिडिओ पाठवला : एक मासा खालून वर अंड्यांची ओळ लावतोय, दुसरा मागोमाग त्याच ओळीवरून जातोय. अगदी नरासारखा. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी खडूसारखी पांढरी, म्हणजे न फळलेली. असं चार वेळा झालं. पाणी कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं असेल म्हणून त्यांनी आरओ बसवलं, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लू हे औषध वापरलं. पाचव्या वेळी ‘नराने’ही अंडी घातली. दोन माद्या एकत्र असल्या की त्या असा संसार थाटतात, आणि अंडी घालताना नळी नीट बघितली नाही तर पत्ता लागत नाही. गेलं ते दीड वर्ष.

“आत्ता दोन नेतो, बाकीची पुढच्या महिन्यात” हेही नको. आधीच्यांनी जागा बळकावलेली असते, नवी पिल्लं आकाराने लहान पडतात, आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवून मगच मिसळावं लागतं. सहाही एका मापाची, एकाच दिवशी न्या.

सहा जणांना तीनशे लिटरच्या आसपासची टाकी, तापमान २८ ते ३० अंश, तळाला वाळू न घातलेली बरी. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला, आणि पाणी शक्यतो रोज एक तृतीयांश बदला. येणारं पाणी त्याच तापमानाचं. वाढीच्या वयात यात कसूर झाली तर मासा खुजा राहतो आणि डोळे मात्र मोठे दिसतात. ते नंतर भरून निघत नाही. आरओची घाई करू नका. आमची पिल्लं नळाच्या पाण्यात वाढलेली आहेत. विकायला आरओ आमच्याकडेही आहे, पण ते अंड्यांच्या वेळी लागेल, आज नाही.

वर्ष-सव्वा वर्षाने दोघे जण एक कोपरा धरतात, बाकीच्यांना तिथून हाकलतात, काच किंवा फिल्टरचा पाइप तोंडाने घासून साफ करतात, एकमेकांसमोर मान झुकवल्यासारखं करतात आणि अंग थरथरवतात. ही तुमची जोडी. तिला नव्वद-शंभर लिटरच्या उघड्या तळाच्या टाकीत हलवा. स्पंज फिल्टर, एक कोन, बाकी काही नको. आता पाणी मऊ करा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभरच्या आसपास. कठीण पाण्यात अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. रात्री मंद दिवा चालू ठेवा. पहिल्या एक-दोन खेपांची अंडी जोडी स्वतःच खाऊन टाकते, तेव्हा फोन करू नका, हे चालायचंच. फळलेली अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं सुटी होऊन आई-बापाच्या अंगाला चिकटतात. ती अंगावरचा चिकट थर खात असतात. एक जण कंटाळला की अंगाला झटका देतो आणि अख्खा थवा दुसऱ्याकडे सरकतो. हे एकदा बघितलं की माणूस या नादातून सुटत नाही. या दिवसांत पिल्लांचं अन्न तो थरच, म्हणून त्यांना आई-बापापासून लगेच वेगळं काढू नका. सुटी झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून अंड्यातून ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) द्यायला लागा.

तयार जोडी आमच्याकडे कधीमधी असते. ‘तयार’ म्हणजे आमच्या टाकीत पिल्लं वाढवलेली, नुसती अंडी घातलेली नव्हे. ती महाग असते, आणि घर बदललं की महिनोन् महिने रुसूनही बसते, हे आधीच सांगतो.

उरलेल्या चौघांचं काय? ठेवा, तेही पुढे जोड्या लावतात. नकोच असतील तर आमच्याकडून नेलेले, तब्येतीने धड असलेले मासे आम्ही बदल्यात परत घेतो.

येताना टाकीची लांबी, रुंदी, उंची लिहून आणा आणि टाकीतलं अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत. आज नको, मासे न्यायच्या दिवशी सकाळी काढलेलं. तपासायला दहा मिनिटं लागतात, त्याचे पैसे घेत नाही. अमोनिया निघाला तर मात्र मासे पिशवीत भरणार नाही. राग मानू नका.