क्वेंच पकडायची भानगड कुठून सुरू झाली

आमच्या परभणीकडं ज्याच्या शेतात मोटर आहे त्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर सांगायची गरज नाही. एक फेज गेला की ते मोटर बंद करतं अन् वाइंडिंग वाचतं. पण ते उगं उगं ट्रिप व्हायलं की माणूस वैतागून बायपास करतो, आमच्या काकांनी बी केलता, मग ऐन हरभऱ्याच्या पाण्यात मोटर जळाली. फ्यूजनच्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढायच्या) यंत्रातल्या मॅग्नेटमधी क्वेंच, म्हणजे थंड कॉइलचा तुकडा अचानक तापायला लागणं, पकडायचं भांडण अगदी हेच आहे, खरा फॉल्ट कोणता अन् उगाचचा कोणता.

1911 ला लायडनमधी कॅमरलिंग ओनेसनं पारा उणे 269 अंशाला नेला अन् रेझिस्टन्स गायबच झाला, म्हणजे पारा सुपरकंडक्टर झाला. पण खरे तगडे मॅग्नेट करता येतील हे दिसलं 1961 ला, बेल लॅबमधी नायोबियम-टिननं 8.8 टेस्लात (टेस्ला म्हणजे चुंबकी क्षेत्राचं माप) भरपूर करंट झेलला तवा. कॉइल केल्यावर वेगळंच दुखणं निघालं, आतली तार केसभर सरकली तरी तेवढी उष्णता त्या थंडीत पुरते, तिथं रेझिस्टन्स येतो, तुकडा तापतो, शेजारच्याला तापवतो. हाच क्वेंच.

पकडायची जुनी युक्ती सोपी आहे. कॉइलच्या दोन अर्ध्यांचं व्होल्टेज एकमेकांशी तोलायचं, फरक पडला अन् थोडा वेळ टिकला की करंट बाहेरच्या रेझिस्टरमधी जिरवायचा. टोकामॅकमधी (फ्यूजनचं कड्यासारखं यंत्र, त्यात तापलेला वायू म्हणजे प्लाझ्मा मॅग्नेटनं धरून ठेवतात) मात्र हे गंडतं, कारण प्लाझ्मा हलला, करंट बदलला की कॉइलमधी आपोआप व्होल्टेज उठतं अन् त्या गोंधळात क्वेंचचा बारीकसा सिग्नल शोधायचा असतो. म्हणून मग सेन्सची तार कंडक्टरच्या सोबतच गुंडाळायला लागले, म्हणजे दोघांतही सारखंच उठलेलं व्होल्टेज वजा होतं.

ढिलं सेटिंग ठेवलं तर काय होतं ते 2008 च्या सप्टेंबरमधी जिनिव्हाजवळच्या एलएचसीत दिसलं (ते कण आदळवायचं यंत्र, फ्यूजनचं नाही, पण मॅग्नेट त्याच जातीचे). एक सांधा खराब होता, सिस्टीमला तो वेळेत दिसलाच नाही, आर्क झाला अन् सहा टनांच्या आसपास हेलियम बाहेर. तिथल्या बसबारची (मॅग्नेट एकमेकांना जोडणाऱ्या कंडक्टरची) ट्रिप मर्यादा आधी 1 व्होल्ट होती, नंतर 0.3 मिलीव्होल्टवर आणली!

फ्रान्समधी उभ्या राहणाऱ्या ईटर या फ्यूजन यंत्राच्या 18 टोरॉइडल (कड्याभोवती बसवलेल्या) कॉइलमधी मिळून 41 गीगाज्यूल साठणार, आपल्या हिशोबानं 11 हजार युनिटच्या वर, पाच एचपीची मोटर रोज आठ तास चालवली तरी वर्ष निघेल. एवढं सगळं सेकंदांत सुरक्षित बाहेर काढायचं म्हणल्यावर उगाचची ट्रिप बी परवडत नाही अन् चुकलेली तर नाहीच नाही.

आता आरईबीसीओ टेपचा (तुलनेनं कमी थंडीत बी सुपरकंडक्टर राहणाऱ्या पट्टीचा) जमाना आलाय, 2021 ला अमेरिकेत तसल्या मॅग्नेटनं 20 टेस्ला गाठले. ही टेप सहजासहजी क्वेंच होत नाही, पण झाली तर तो इतका हळू पसरतो की एकाच जागी टेप जळायला येते अन् व्होल्टेज अजून नीट दिसतच नाही. म्हणून काही जण शेजारून ऑप्टिकल फायबर टाकून तापलेली जागा हुडकायलेत, पण फायबरचा सिग्नल तापल्यानं बी बदलतो अन् ताण पडल्यानं बी, त्यामुळं ट्रिप करायचं का नाही हा वाद तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू.