हार्ट फेल्युअर : उपचार आणि घरची देखभाल, गोव्याच्या संदर्भात

हृदयाचा स्नायू दुबळा किंवा ताठर झाल्यामुळे शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलले जात नाही, आणि फुप्फुसांत, पायांत, पोटात पाणी साठत जाते. या दीर्घकालीन अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदयविकाराचा झटका किंवा हृदय अचानक बंद पडणे यांहून ही अवस्था वेगळी आहे. इथे हृदय चालू असते, पण कमी पडते. नीट उपचार झाले तर रुग्ण वर्षानुवर्षे चांगले जगू शकतो. इस्पितळात चार दिवस काढून माणूस बरा होऊन घरी येतो आणि पुढचा खरा उपचार घरातच व्हायचा असतो. गाडी रुळावरून घसरते तीही बहुतेक वेळा घरातच.

सुरुवात चालताना धाप लागण्याने होते. रोजच्या देवळाच्या पायऱ्या मधे थांबून चढाव्या लागतात. पुढे आडवे झाले की दम लागतो, एका उशीच्या दोन, दोनांच्या तीन होतात. मध्यरात्री गुदमरून जाग येते आणि उठून बसल्यावर बरे वाटते. संध्याकाळी पाय सुजतात. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून काढला तर खळगा तसाच राहतो. ‘आता वय झालं’ म्हणून ही लक्षणे सोडून देणे घातक आहे.

कारणांत आधी येऊन गेलेला झटका, वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह ही मुख्य. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब झालेले रुग्णही असतात. त्यांना गोळ्यांबरोबर झडपेची दुरुस्ती लागते. रोजच्या अति मद्यपानाने हृदय फुगते. फेणी असो वा हंगामातला हुर्राक, मद्य पूर्ण सोडले तर असे हृदय पुष्कळदा सुधारते, आणि ही गोष्ट घरच्यांनी रुग्णाला आवर्जून सांगावी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांतही हा आजार उद्भवू शकतो. बाळंतिणीची धाप अशक्तपणावर ढकलू नये.

निदानात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ही मध्यवर्ती तपासणी. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते ते तीत कळते. रुग्ण त्यालाच ‘पंपिंग’ म्हणतात. निरोगी हृदयात हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा त्याखाली गेला तर पंपिंग कमी झाल्याचे मानतात. पण आकडा ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, विशेषतः रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्या वयस्क स्त्रियांत. अशा वेळी हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी उपयोगी पडते.

पंपिंग कमी असलेल्या रुग्णांसाठी आज चार प्रकारची औषधे एकत्र दिली जातात : सॅक्युबिट्रिल-वालसार्टन किंवा एनालाप्रिलच्या गटातले औषध, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारखा बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग आवरणारे औषध), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि मुळात मधुमेहासाठी आलेले डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जे मधुमेह नसलेल्यांनाही देतात. चारही गट आयुष्य वाढवतात. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड ही ‘लघवीची गोळी’ साठलेले पाणी काढते, तासाभरात हायसे वाटते; म्हणून रुग्ण तिच्यावर विश्वास ठेवतो आणि ज्यांचा परिणाम लगेच जाणवत नाही त्या चार गोळ्या बंद करतो. बरे वाटते म्हणून औषध सोडणे हे पुन्हा ॲडमिट होण्याचे एक मोठे कारण आहे. डोस हळूहळू वाढवायचे असतात आणि मधे रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) आणि पोटॅशियम तपासायचे असते, म्हणून डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतली भेट चुकवू नये.

पथ्यात मीठ सर्वांत महत्त्वाचे, आणि गोव्यात ते सर्वांत अवघड. पावसाळ्यासाठी पुरुमेंत, म्हणजे टिकाऊ जिन्नसांचा साठा, भरून ठेवायची इथली जुनी रीत : सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), खारवलेली आंबली-आंबाडे, मिस्कूट (कैरीचे लोणचे). मासेमारी बंद असते त्या दिवसांत सकाळच्या पेजेबरोबर खाऱ्याचा (खारवलेल्या मासळीचा) तुकडा आणि लोणच्याची फोड हाच आधार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ सर्वांसाठीच योग्य. खारवलेल्या मासळीने हा हिशेब एका जेवणात बिघडू शकतो. भिजवून पाणी टाकल्याने मीठ कमी होते, जात नाही. अशा रुग्णाच्या घरी पेज सोडायची गरज नाही, सोबतचे बदलावे : अळणी मुगागाठी (मुगाची आमटी), ओल्या खोबऱ्याची कमी मिठाची चटणी, ताजी मासळी मिळेल तेव्हा. श्रावणात मासे बंद होतात, पण पापड आणि लोणची वाढतात, हेही लक्षात असू द्यावे. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ बहुधा पोटॅशियमचे असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि रोज शहाळी पिण्याचाही मोह आवरावा.

वजनकाटा हे घरातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. सकाळी उठून लघवी करून, चहा-नाश्त्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहावे. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते. त्याच दिवशी फोन केला तर कित्येकदा लघवीच्या गोळीचा डोस वाढवून भागते. आठवडाभर थांबले तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावे लागते. उलट एप्रिल-मेच्या घामात किंवा जुलाब-उलट्यांत शरीर कोरडे पडते आणि चक्कर येते, तेव्हा काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आधीच लिहून घ्यावे. निर्जळी उपवास टाळावा. गुडघेदुखीवर फार्मसीतून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या पाणी साठवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. रोज झेपेल तेवढे चालणे मात्र उपकारक आहे. हृदय आजारी म्हणून माणसाला खाटेवर बसवून ठेवू नये.

१८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच गोमेकॉ, हे राज्यातले प्रमुख सरकारी केंद्र. म्हापसा आणि मडगाव इथे जिल्हा इस्पितळे आहेत. स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून येणारा मोठा झटका) यासाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पात बाहेरच्या केंद्रांतला ईसीजी गोमेकॉच्या तज्ज्ञांना पाठवून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देण्याची सोय झाली. झटक्यात जितका स्नायू वाचतो तितका पुढचा हार्ट फेल्युअरचा धोका घटतो, त्यामुळे छातीत दुखू लागताच १०८ ला फोन करणे हाही या आजाराचा प्रतिबंधच. उपचारांच्या खर्चासाठीची राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. कोणती प्रक्रिया तीत बसते ते आधी विचारून घ्यावे.

औषधांनंतरही पंपिंग ३५ वा त्याखाली राहिले तर निवडक रुग्णांना ठोके जुळवणारा पेसमेकर किंवा जीवघेण्या ठोक्यांवर झटका देणारा डिफिब्रिलेटर बसवतात. शेवटच्या टप्प्यात यांत्रिक पंप किंवा हृदयरोपण हे पर्याय उरतात. भारतात पहिले यशस्वी रोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केले. बहुतेकांना हे पर्याय लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी धाप आणि सूज कमी ठेवणारी परिहारक सेवा असते. डिफिब्रिलेटरचे झटके अखेरच्या दिवसांत बंद करता येतात. त्याबद्दल रुग्णाशी तो बोलू शकतो तेव्हाच बोलून घ्यावे.