देशीयकरण : स्थलांतरिताचा नागरिकत्वासाठी अर्ज

परदेशातून येऊन एखाद्या देशात कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या व्यक्तीला तिच्या अर्जावरून त्या देशाचे नागरिकत्व देण्याच्या प्रक्रियेला देशीयकरण म्हणतात. जन्माने किंवा वंशाने येणारे नागरिकत्व सहसा आपोआप मिळते. देशीयकरणाचे नागरिकत्व मात्र मागावे लागते, आणि आपण त्याला पात्र आहोत हे अर्जदारालाच कागदोपत्री दाखवून द्यावे लागते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम १५ प्रत्येकाचा राष्ट्रीयत्वाचा हक्क मान्य करते, पण ते अमुकच देशाने द्यावे असे त्यात म्हटलेले नाही. त्यामुळे अटी ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

बहुतेकांना धास्ती असते ती त्या देशाची भाषा आणि माहिती तपासणाऱ्या परीक्षेची. पण परीक्षा पुन्हा देता येते. गैरहजेरीचे, म्हणजे देशाबाहेर काढलेले, दिवस मागे जाऊन भरून काढता येत नाहीत. म्हणून या अर्जाची तयारी अर्ज भरण्याच्या वर्षी नव्हे, तर देशात पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून करायची असते.

वास्तव्याचा हिशेब : मुदत देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत ग्रीन कार्ड, म्हणजे तिथला कायम वास्तव्याचा परवाना, मिळाल्यावर सर्वसाधारणपणे ५ वर्षे थांबावे लागते (नागरिकाशी विवाह झालेला असून दोघे एकत्र राहत असतील तर ३ वर्षे) आणि त्या ५ वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष देशात काढलेले असावे लागतात. कॅनडात अर्जाआधीच्या ५ वर्षांतले १,०९५ दिवस लागतात. तिथे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळण्यापूर्वी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून कायदेशीरपणे काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. ऑस्ट्रेलियात ४ वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि त्यातले शेवटचे १२ महिने पीआरवर, अशी अट आहे. स्वित्झर्लंडमध्ये सामान्य मार्गाने जाणाऱ्याला १० वर्षे लागतात. जर्मनीने २०२४ मध्ये ही मुदत ८ वरून ५ वर्षांवर आणली.

नुसती वर्षे मोजून भागत नाही. ब्रिटनमध्ये ५ वर्षांच्या मार्गाने अर्ज करणाऱ्याची गैरहजेरी एकूण ४५० दिवसांहून आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांहून जास्त नसावी असा नियम आहे. शिवाय, अर्ज पोहोचतो त्या तारखेच्या बरोबर ५ वर्षे आधीच्या दिवशी अर्जदार प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असावा लागतो. तो नेमका त्या आठवड्यात सुट्टीवर गेलेला असेल, तर अर्ज थोडा पुढे ढकलणे हाच सरळ उपाय. अमेरिकेत एकच परदेशवारी ६ महिन्यांहून लांबली तर सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी मग अर्जदारावर येते. आजारी आईवडिलांसाठी मायदेशी गेलेली आणि तिथे अडकून पडलेली माणसे या नियमात सापडतात. त्यांनी त्या काळातले घरभाडे, नोकरीची रजा, कर भरल्याचे पुरावे जपून ठेवले असतील तरच त्यांची बाजू उभी राहते.

यासाठी प्रवासाची एक वही पहिल्या वारीपासून ठेवावी. जाण्याची तारीख, परतीची तारीख, देश, कारण, एवढे चार रकाने पुरतात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवर भिस्त ठेवू नये. शाई फिकट होते, शिक्के एकमेकांवर पडतात आणि अनेक विमानतळांवर आता शिक्का मारतच नाहीत. मोजण्याची रीतही आधी पाहून घ्यावी. ब्रिटनमध्ये जाण्याचा आणि येण्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. म्हणजे ३ मार्चला निघून २० मार्चला परतलेल्या माणसाची गैरहजेरी १६ दिवसांची. किमान संख्या भरली की त्याच दिवशी अर्ज टाकण्याचा मोह आवरावा. एखादी विसरलेली छोटी सहल सगळा हिशेब बिघडवू शकते, म्हणून काही आठवड्यांची सवड ठेवून अर्ज करणे शहाणपणाचे.

कागदपत्रे आणि नाव : जन्मदाखला, विवाहाचा किंवा घटस्फोटाचा दाखला, आजवरचे सगळे पासपोर्ट, राहत्या पत्त्यांचा पुरावा, कराची विवरणपत्रे, पोलिसांचा चारित्र्य दाखला असा साधारण संच असतो, सगळे सगळीकडे लागतात असे नाही. मुदत संपलेला पासपोर्ट कधीही टाकून देऊ नये. परक्या भाषेतले दाखले मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतरित करून घ्यावे लागतात, आणि काही देश मूळ दाखल्यावर अपोस्टिलही, म्हणजे दाखला खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्रही, मागतात.

खरा घोळ नावाचा असतो. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नाही, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे अनेक समाजांत घडते. यात गुन्हा काहीच नाही, पण तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ती तीन वेगळी माणसे दिसतात. आजवर वापरलेले प्रत्येक नाव अर्जात लिहावे आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. मूळ दाखला दुरुस्त करून घ्यायचा तर वर्षभर आधी हात घालावा.

वर्तणूक : जवळपास सगळे देश सद्वर्तनाची अट घालतात. थकलेला कर, जुनी अटक, न भरलेला दंड यांपेक्षाही ते लपवणे महागात पडते. खोट्या माहितीवर मिळालेले नागरिकत्व पुढे अनेक वर्षांनीही काढून घेता येते. प्रश्न ‘कधीही अटक झाली होती का’ असा असेल, तर सुटका झालेली अटकही सांगायची असते. अशी नोंद असलेल्याने अर्जापूर्वी वकिलाला भेटावेच, कारण अर्जाबरोबर सगळी फाइल उघडली जाते आणि काही प्रकरणांत वास्तव्याचा परवानाच धोक्यात येतो. मतदानाबाबतही जपावे. अमेरिकेत नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणे किंवा आपण नागरिक असल्याचे खोटे सांगणे यावरून देशाबाहेर काढले जाऊ शकते.

परीक्षा : ब्रिटनमध्ये २४ प्रश्न, ४५ मिनिटे, ७५ टक्के गुण. जर्मनीत ३३ पैकी १७ उत्तरे बरोबर हवीत. कॅनडात २० पैकी १५, तेही फक्त १८ ते ५४ वयोगटाला. ऑस्ट्रेलियात २० पैकी १५ पुरतात, पण मूल्यांविषयीचे पाचही प्रश्न बरोबर यावे लागतात. अमेरिकेत परीक्षा तोंडी असते, आणि नापास झालेल्याला ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. सरकारी अभ्यास-पुस्तिका बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. वयस्कर किंवा आजारी अर्जदारांना अनेक ठिकाणी भाषेच्या अटीत सवलत असते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठांसाठी हे मुद्दाम विचारून घ्यावे.

सल्लागार : साधा, सरळ अर्ज माणूस स्वतः भरू शकतो. मदत घ्यायची तर नोंदणीकृत सल्लागाराचीच, आणि त्याचा नोंदणी क्रमांक पडताळून. अमेरिकेत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या अनेकांना ‘नोतारियो’ या शब्दाने फसवले आहे. त्यांच्या मायदेशी नोतारियो हा कायद्याचा जाणकार अधिकारी. अमेरिकेतला नोटरी मात्र फक्त सहीची साक्ष देतो. कोऱ्या अर्जावर सही कधीही करू नये. अर्ज दुसऱ्याने भरला तरी त्यातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

जुने नागरिकत्व : नवे मिळाल्यावर जुने राहते का, हे दोन्ही देशांच्या कायद्यांत पाहावे लागते. कॅनडा, ब्रिटन आणि २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. जिथे आधी जुने सोडावे लागते, तिथे नवे देण्याची लेखी हमी हाती येईपर्यंत त्यागपत्र देऊ नये. मधल्या काळात माणूस कोणत्याच देशाचा राहत नाही, आणि अशा माणसाला साधा परदेश प्रवासही अवघड होतो. वारसा, जमीन, निवृत्तिवेतन यांवर होणारा परिणामही याच टप्प्यावर विचारावा.

शपथ : जिथे शपथ घ्यावी लागते, तिथे मंजुरीचे पत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे, ते शपथेच्या क्षणी मिळते. अमेरिकेत त्या समारंभात ग्रीन कार्ड परत घेतात आणि प्रमाणपत्र हाती देतात. त्यावरचे नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथे वाचून पाहावी. नवा पासपोर्ट येईपर्यंत परदेशवारीचे तिकीट काढू नये, कारण जुना परवाना गेलेला असतो आणि परतताना दाखवायला हातात काही नसते.