काडतुसांचे घरगुती पुनर्भरण

छर्ऱ्यांच्या बंदुकीतून काडतूस उडाले की दारू जळून जाते, डाट आणि छर्रे नळीबाहेर पडतात, पण पुंगळी, म्हणजे काडतुसाचे बाहेरचे कवच, शाबूत उरते. तिच्यात नवी टोपी (आघाताने पेटून दारूला आग लावणारा भाग), दारू, डाट (दारू आणि छर्ऱ्यांमधले बूच) व छर्रे भरून ती पुन्हा वापरण्याजोगी करणे म्हणजे पुनर्भरण. नेमबाज त्याला रीलोडिंगच म्हणतात. स्कीट आणि ट्रॅप या प्रकारांत उडत्या चकत्यांवर नेम धरतात. तिथे एका फेरीला २५ चकत्या असल्याने नियमित सराव करणाऱ्याकडे रिकाम्या पुंगळ्या भराभर साठतात, आणि बहुतेक जण या छंदाकडे वळतात ते त्यामुळेच. १२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) पैशांची बचत बेताचीच होते. २८ बोअर आणि ४१० यांची तयार काडतुसे महाग पडत असल्याने तिथे ती जास्त जाणवते. खांद्याला कमी धक्का देणारे हलके काडतूस स्वतः बनवता येणे हा आणखी एक फायदा.

काही देशांत स्वतःच्या वापरापुरते काडतूस भरायला मुभा आहे, काही देशांत त्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून यंत्र घेण्याआधी कायदा पाहणे ही या कामातली पहिली पायरी ठरते.

एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास सुमारे १८.५ मिमी भरतो. १२ बोअरच्या नळीचे माप ते हेच. २० बोअरची नळी याच हिशेबाने अरुंद, सुमारे १५.६ मिमीची असते. ४१० हा मात्र इंचाच्या हजारांश भागांत दिलेला व्यास आहे. पुंगळीच्या बुडाशी धातूची वाटी असते व तिच्या मधोमध टोपी बसते. दारूवर डाट येतो. पूर्वी तो नमदा आणि पुठ्ठ्याचा असे. आजचा प्लॅस्टिकचा डाट खालून वायू अडवतो, मधल्या भागात धक्का पेलतो आणि वरच्या पेल्यात छर्रे सांभाळतो. सरावासाठी ७½, ८ किंवा ९ क्रमांकाचे छर्रे घेतात. क्रमांक वाढतो तसा छर्रा बारीक होतो.

या कामाचा सगळा भार भरणकोष्टकावर, म्हणजे कोणत्या पुंगळीत कोणती टोपी, डाट, छर्रे आणि किती दारू घालायची याच्या यादीवर, असतो. दारूचे उत्पादक ही कोष्टके प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध करतात. अमेरिकी मानकानुसार पावणेतीन इंची १२ बोअर काडतुसात दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ११,५०० पौंड आहे, आणि हा दाब पाचही घटक मिळून ठरवतात. पुंगळीची आतली घडण बदलली, टोपी दुसऱ्या कंपनीची घेतली किंवा डाट वेगळा बसवला, तर दारू तेवढीच असूनही दाब चढतो किंवा पडतो. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते. हातात आहे ते 'साधारण तसेच' समजून तो कोष्टकातल्या वस्तूऐवजी वापरतो. शिशाच्या जागी पोलादी छर्रे तर मुळीच चालत नाहीत. शिशाची घनता ११.३, पोलादाची सुमारे ७.८. तेवढ्याच वजनाला पोलादी छर्रे जास्त जागा व्यापतात, शिवाय ते कठीण असल्याने त्यांना डाटही वेगळा लागतो.

कोष्टकात दारूचे वजन ग्रेनमध्ये असते. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. काडतुसाच्या खोक्यावर मात्र '३ ड्रॅम इक्विव्हॅलंट' अशी जुनी नोंद आढळते (ड्रॅम हे वजनाचे जुने माप). तिचा अर्थ एवढाच, की ३ ड्रॅम काळ्या दारूने छर्ऱ्यांना जो वेग मिळाला असता तो हे काडतूस देते. ते वजन समजून कुणी तेवढी धूरविरहित, म्हणजे आजची जास्त जोरकस, दारू भरली तर बंदूक फुटेल.

सुरुवातीला एकेरी टप्प्याचे यंत्र बरे. त्यात एक पुंगळी हातात घेऊन शेवटपर्यंत न्यायची असल्याने प्रत्येक क्रिया डोळ्यांसमोर घडते. जुनी टोपी काढून बूड मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, मग दारू, डाट, छर्रे, आणि शेवटी तोंडाला घड्या पाडून ते मिटायचे. पुंगळीला मुळात सहा घड्या असतील तर सहाच, आठ असतील तर आठच. यंत्र दारू आकारमानाने मोजते, म्हणून पडलेली दारू काट्यावर तोलल्याशिवाय कामाला लागू नये आणि मधूनमधून पुन्हा तोलावी. मिटलेले तोंड खोल गेले किंवा फुगून राहिले, तर आतले घटक एकमेकांशी जुळलेले नाहीत असे समजावे.

टेबलावर एका वेळी एकच दारू असावी, तीही मूळ डब्यात. टोप्या बरणीत ओतून ठेवू नयेत, कारण एक पेटली तर सगळ्या एकदम उडतात. शिसे हाताला लागते, म्हणून काम चालू असताना खाणे-पिणे नको. धूम्रपान अर्थातच नाही.

भरलेले काडतूस उडवताना आवाज बसका आला तर तिथेच थांबावे. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे, कारण दारू कमी पडली असेल तर डाट आतच अडकलेला असू शकतो आणि पुढच्या बाराने नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळी करण्याची रीतही अशाच धोक्यातून आली. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते, कोठी (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामी दिसते आणि माणूस मागून दुसरे काडतूस घालतो. म्हणून दोन्ही बोअरची काडतुसे भरणाऱ्याने २० बोअरसाठी पिवळ्याच पुंगळ्या वापराव्यात आणि त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.