विडी, निवारा आणि बंदर: बेघरांच्या तंबाखूमुक्तीची पार्श्वभूमी

तंबाखू सोडवण्याची सरकारी सोय आपल्याकडे 2002 साली सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तेव्हा 13 केंद्रे निघाली, तीही मोठ्या शहरांत. मग 2003 चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा आला, 2007-08 मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी झाली. हे सगळे आरोग्य खात्याचे काम. बेघरांचा निवारा मात्र नगरविकासाच्या फायलीत वाढला. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे सांगितले आणि 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानेही तेच माप धरले: लाखामागे शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट.

लाखाच्या या मापात कोकणची बंदरे बसत नाहीत. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहर 76 हजारांच्या घरात होते, चिपळूण त्याहून लहान. इथला बेघर माणूस एसटी स्टँडच्या बाकावर, कोकण रेल्वेच्या फलाटावर, जेट्टीवरच्या शेडमध्ये किंवा बंद दुकानाच्या पायरीवर झोपतो. निवाऱ्यात बैठक घेऊन विडी सोडवण्याची महानगरी पद्धत म्हणूनच इथे जशीच्या तशी चालत नाही.

‘डोक्यावर छप्पर नाही त्याची विडी कशाला काढून घ्यायची’ हा समज जुना आणि जगभरचा. तो नुसत्या दयेतून आला नव्हता. अमेरिकेत तंबाखू कंपन्यांनी बेघरांना फुकट सिगारेटी वाटल्या, निवाऱ्यांना मदत दिली. कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाल्यावर हे उघड झाले. पुढे संशोधकांनी निवाऱ्यांतल्या लोकांनाच विचारले, तेव्हा अनेकांना सोडायची इच्छा होती. कमी होती ती मदत. मिनेसोटातल्या 430 बेघर धूम्रपान करणाऱ्यांवरचा प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना तलफ शमवायला निकोटीनचे पॅच (त्वचेला चिकटवायच्या पट्ट्या) दिले होते, निम्म्यांना जोडीला समुपदेशन. 26 आठवड्यांनी समुपदेशनाच्या गटात 9.3 टक्के आणि दुसऱ्या गटात 5.6 टक्के लोक धूम्रपानातून सुटलेले दिसले. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो योगायोगाचाही असू शकतो. 2020 मध्ये अशा दहा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही कुठली एक पद्धत खात्रीची ठरली नाही. हे आकडे पाहून हात टेकायचे कारण नाही, पण महिनाभरात स्टँड विडीमुक्त करण्याच्या घोषणाही करू नयेत.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप आणखी वेगळे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि 24.4 टक्के तंबाखू खाणारे किंवा लावणारे निघाले. विडी सुटली की माणूस तंबाखू-चुन्याच्या पुडीकडे वळतो आणि कार्यकर्त्याच्या वहीत ‘सोडली’ अशी नोंद होते. दोन्हींबद्दल विचारल्याशिवाय ती नोंद करू नये. विडीला स्वस्ताईचे पाठबळही मिळाले. 2017 च्या जीएसटीत सिगारेटवरचा भरपाई उपकर विडीला लावलाच नाही.

मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 ही 2016 पासून आहे आणि 2018 पासून तो क्रमांक पाकिटावर छापला जातो. सुटी विडी घेणाऱ्याच्या हातात मात्र पाकीट येत नाही, आणि फोन बहुधा चोरीला गेलेला किंवा चार्ज नसलेला. राज्याने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, टपरीवर ती दिसणे वेगळे. त्यामुळे फोन कार्यकर्त्याने स्वतःचा लावून द्यावा.

तलफ शमवणाऱ्या निकोटीनच्या औषधाचा डोस ठरवताना ‘दिवसाला किती’ हा प्रश्न फसतो. उचललेली थोटके आणि मागून घेतलेले झुरके कोण मोजणार? त्यापेक्षा उठल्यावर पहिली विडी किती वेळाने लागते ते विचारावे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचे निकोटीन च्युइंगम, नाहीतर 2 मिलिग्रॅमचे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ, पुढे हळूहळू कमी करत एकूण बारा आठवडे. किमान नऊ धरले तरी आठवड्याला 63 लागतात. आठवड्यापुरतेच द्यावे, जास्तीचे भिजते किंवा चोरीला जाते.

चघळण्याची रीत दाखवावीच लागते. तिखट चव आली की थांबून गालाशी धरायचे, चव गेली की पुन्हा चघळायचे, असे अर्धा तास. सलग चावले तर निकोटीन पोटात जाते. मग उचकी, जळजळ, मळमळ, आणि माणूस ते थुंकून विडी पेटवतो. आंबट तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. चहा, कोकम सरबत, सोलकढी यांनंतर पंधरा मिनिटे थांबावे लागते, हे कोकणात मुद्दाम सांगायला हवे. दात पडलेल्यांना पॅच बरा, पण दमट हवेत घामाने तो सुटतो. दंडावरची कोरडी, बिनकेसांची जागा पुसून तिथे दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा. विडी खरेच सुटली का हे पडताळायला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र हाताशी असले तरी जपून. तीन दगडांच्या चुलीवर रांधणाऱ्याचा आकडा विडी न ओढताही चढतो.

बोटीवरच राहणाऱ्या खलाशांचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. 1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि माणसे पांगतात, नेपाळचे खलाशी गावी जातात. बारा आठवडे पुरे व्हायचे तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात हवी. क्षयाचा उपचार चालू असेल त्याचे सोपे: औषधाला तो येतोच, त्याच खिडकीवर च्युइंगम द्यावे.

सर्वांत नाजूक बाब मानसिक आजार असलेल्या बेघरांची. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भटकणाऱ्या अशा व्यक्तींची जबाबदारी पोलिसांवर टाकली आणि त्या वाटेने काही जण रुग्णालयात पोचतात. विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन आणि ओलॅन्झापीन ही मानसिक आजारावरची औषधे झपाट्याने निकालात काढते. वॉर्डात विडी बंद झाली की त्याच डोसने रक्तातले प्रमाण वाढते, सुस्ती येते. उलट वॉर्डात बसवलेला डोस घेऊन बाहेर पडलेला माणूस स्टँडवर पुन्हा ओढू लागला की औषध कमी पडते आणि आजार उलटतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, म्हणून च्युइंगम किंवा पॅच चालू ठेवला तरी डोसचा हिशेब बदलत नाही. रुग्णालयातून सुटी देतानाच्या कागदावर विडी चालू की बंद आणि कोणत्या तारखेपासून हे लिहिलेले असले, तर पुढच्या डॉक्टरला डोस ठरवता येतो.